सासरे एका सेनेत, दीर दुसऱ्या सेनेत. आईच्या औषधांचे पैसे मागायचे कुणी?

नौपाड्याची_सून

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज सल्ला हवाय.

आम्ही नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. सासू-सासरे, नवरा, मी आणि आठवीतली लेक. धाकटे दीर-जाऊ घोडबंदरला, कासारवडवलीच्या टॉवरमध्ये. नणंद कोपरखैरण्याला. सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले, तरुणपणी रोज शाखेत बसणारे. टेंभी नाक्याच्या नवरात्रात दिघेसाहेबांच्या काळी रात्र रात्र उभे असायचे. भाऊजी त्यांच्याच खांद्यावर बसून मोठे झाले. जून २०२२ मध्ये सेना फुटली आणि आमचं घरही त्याच रेषेवर फुटलं. बाबा मशालीकडे, भाऊजी धनुष्यबाणाकडे. २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात दोन्ही सेनाच समोरासमोर होत्या, तेव्हा महिनाभर घरात फक्त भांड्यांचा आवाज. नणंदेचे मिस्टर कमळवाले. नवरा म्हणतो मी नोटावाला, खरं काय ते त्यालाच माहीत.

वाद चालतात, चालू देत. माझी अडचण पैशांची आहे. सासूबाईंची शुगर-बीपीची औषधं, दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता, चिपळूणजवळच्या घराची घरपट्टी आणि लाइटबिल, गणपतीचा खर्च, हे तिघा भावंडांत वाटून घ्यायचं असं ठरलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला येतात, जेवण झालं की हिशेब व्हायचा. हल्ली हिशेबापर्यंत गाडी पोचतच नाही.

परवाचंच सांगते. कोंबडी-वडे केले होते. भाऊजी म्हणाले, वहिनी, आमच्याकडे या महिन्यात पण टँकर. झालं. बाबा म्हणाले, "मग सांग की तुमच्या साहेबांना, सगळं तुमचंच आहे आता." भाऊजी म्हणाले, "इतकी वर्षं महापालिकेत कोण बसलं होतं? तेव्हा का नाही बांधलं एक धरण?" बाबांनी वाटी आपटली, तांबडा रस्सा माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर. भाऊजी ताटावरून उठले, जाऊबाईंनी पर्स उचलली. औषधांचे पैसे राहिले ते राहिलेच. हे असं बऱ्याच महिन्यांपासून चाललंय. नवऱ्याला म्हटलं तू माग, तर म्हणतो, जाऊ दे, वाद नको. वाद नको म्हणून सगळं आपणच भरायचं, हे कुठलं गणित?

"घरात राजकारण बोलूच नका" हा सल्ला कृपया देऊ नये. बाबांना गप्प करायचं तर टीव्ही, पेपर आणि बाबा, तिन्ही बंद करावे लागतील.

मिसळ_विदाउट_पाव

आमच्याकडे सोपं झालं. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान, प्रभागात प्रत्येकाला चार मतं. आईने चार मतं चार पक्षांना दिली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, तुझं ऐकलं. कोणीही खोटं पाडू शकलं नाही.

खाडीकिनारा

खिक्! आईंना दंडवत.

कोपरीकर_काका

सूनबाई, एक विचारू? वाद होतो तो हिशेबाच्या आधी, की हिशेब निघाल्यावर?

नौपाड्याची_सून

काका, आधी. नेहमीच आधी. जेवण संपत आलं की. का?

कोपरीकर_काका

मग बघा जरा. ज्याला चहा प्यायचा नसतो तो कपाला नावं ठेवतो. माझ्या मेव्हण्याचं असंच होतं. बँकेतून घेतलेल्या कर्जाचं सांगायची लाज, म्हणून दर भेटीत मोदी-राहुल काढायचा आणि तणतणत निघून जायचा. आम्ही समजायचो तत्त्वाचा माणूस आहे.

तुमचे दीर तसेच असतील असं नाही. पण जावेशी एकटीशी बोला. पुरुष मंडळी नकोत.

रबाळे_रिटर्न्स

काकांशी सहमत. आणि ताई, "वाद नको" म्हणणाऱ्या नवऱ्याचाही एक पक्ष असतो बरं का. तो कायम सत्तेत असतो आणि त्याला जाहीरनामा नसतो.

निफाडचा_ऐरोलीकर

जरा वेगळ्या बाजूने लिहितो. माझं अख्खं घर निफाड तालुक्यात, मी ऐरोलीला आयटीत. आमच्याकडे वाद पक्षावरून होत नाही, कांद्यावरून होतो.

८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी झाली तेव्हा मी इथे ऐरोलीच्या मार्केटमध्ये खूश होतो, कांदा उतरला म्हणून. त्याच आठवड्यात काकांचा फोन, लासलगावला भाव पडले, ट्रॅक्टरचं भाडं सुटत नाही. बंदी उठली ४ मे २०२४ ला, पण ४० टक्के निर्यात शुल्क राहिलं, मग ते २० झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. या प्रत्येक टप्प्यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर रणकंदन. बायको लिहायची, "कांदा साठ झाला." चुलतभाऊ लिहायचा, "वहिनी, त्यातले मला किती आले ते विचारा." बायको बिचारी भाव सांगत होती, त्याला तो टोमणा वाटायचा. मग तो पलीकडच्या पक्षाचा फॉरवर्ड टाकायचा आणि मी त्याला उलटा फॉरवर्ड.

शेवटी दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याने मला कांदा साठवायच्या चाळीवर नेलं. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरतात, आणि पुढे पाच-सहा महिने तो सडतो, वजनाला घटतो, कोंब येतात. त्याने तळातले हातात दिले, दाबले की पाणी. म्हणाला, "साठ रुपयांत हे पण धर." तेव्हापासून मी ग्रुपवर भाव लिहिताना कुठल्या बाजारातला ते लिहितो. लासलगाव, वाशी, की आमच्या खालचा भाजीवाला. तीन आकडे समोर आले की भांडण पक्षावरून निघून मधल्या माणसांवर जातं, वाहतूक, हमाली, आडत, भाजीवाल्याचं भाडं. मत त्याचंही बदललं नाही, माझंही नाही.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत हे कितपत लागू पडेल माहीत नाही, टँकरला लासलगाव नसतं.

सीवूड्सची_शमा

शेवटचं वाक्य! बाकी प्रतिसाद अतिशय पटला. माझी आई सोलापूरची, तिचं तूरडाळीवरून अगदी हेच होतं. भाव वाढला की मी रडते, पडला की मामा.

बिलवाचक

मी वाशीला अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे मला बिलं वाचायची वाईट खोड आहे. आमच्याकडेही वडील-भाऊ अशीच जोडी. एके रविवारी वैतागून मी महावितरणचं बिल टेबलावर पसरलं आणि दोघांना म्हटलं, आधी वाचा, मग भांडा.

लाइटबिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे वेगवेगळे रकाने असतात. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. घरगुती बिलावरचं १६ टक्के वीज शुल्क जातं राज्य सरकारकडे. १०० युनिटच्या आत एक दर, १०१ ते ३०० ला वेगळा, पुढे आणखी चढा. आमचं बिल वाढलं होतं ते एसीमुळे ३०० ओलांडून, कोणत्याही सरकारने त्या महिन्यात काही केलं नव्हतं. भाऊ गप्प, कारण एसी त्याच्या खोलीत.

पेट्रोलला तर दोघेही दोषी ठरतात. केंद्राची एक्साइज, वर राज्याचा व्हॅट, आणि आपल्याकडे मुंबई-ठाणे-नवी मुंबईला व्हॅट बाकी राज्यापेक्षा जास्त होता. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात तो पेट्रोलवर २६ वरून २५ टक्के आणि डिझेलवर २४ वरून २१ टक्के केला. सिलिंडरचा भाव केंद्राच्या हातात, ८ एप्रिल २०२५ ला ५० रुपयांनी वाढला तो तिकडून. रिक्षाचं मीटर १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपयांवर गेलं ते राज्याकडून. पाणी महापालिकेचं.

आणि ताई, तुमच्या दिरांच्या टॉवरसाठी खास. मेंटेनन्स महिन्याला ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असली की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. घोडबंदरच्या जिम-पूल-क्लबहाउसवाल्या टॉवरमध्ये हे सर्रास आहे. त्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच धरला की आकडा आणखी फुगतो. दिरांच्या घरचं पाणी बाबांच्या घरच्या पाण्यापेक्षा महाग पडतंय, त्यांची चिडचिड नुसती राजकीय नसणार.

घणसोली_एक्सप्रेस

पाण्याचं निघालंच आहे तर: नवी मुंबईकरांनी इथे जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. खालापूरकडचं मोरबे धरण आमच्या महापालिकेच्या मालकीचं. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, चार ठिकाणांहून मागून आणायचं.

मिसळ_विदाउट_पाव

कॉलर ताठ करा, पण मग ती इस्त्रीला ठाण्यातच द्या, आमच्याकडे स्वस्त आहे.

नौपाड्याची_सून

नणंदेचे मिस्टर अगदी हेच बोलतात हो, मोरबे मोरबे! आणि त्यांचं वेगळंच रामायण. महापालिकेला ठाण्यात कमळ-बाण युती, नवी मुंबईत तेच दोघे एकमेकांविरुद्ध. त्यामुळे जानेवारीत ते आणि भाऊजी आमच्या घरी आले की दोस्त आणि कोपरखैरण्याला गेले की दुश्मन. ऐरोलीचा पूल ओलांडला की नातं बदलायचं. बाबांना या प्रकरणात इतका आनंद झाला की महिनाभर औषधं वेळेवर घेतली.

बिलवाचक, धन्यवाद. मेंटेनन्सवरच्या जीएसटीचं मला खरंच ठाऊक नव्हतं, आमच्या जुन्या बिल्डिंगचा मेंटेनन्स तीन हजारसुद्धा नाही. आज-उद्या जाऊबाईंना भेटते.

सडेतोड_साठे

एवढं कशाला? सरळ सांगा, पैसे द्या नाहीतर आई घेऊन जा.

सीवूड्सची_शमा

आई म्हणजे काय गॅसचा सिलिंडर आहे का, भरून आला नाही की परत पाठवायला?

मी आमचं सांगते. माहेर कट्टर एका बाजूचं, सासर कट्टर दुसऱ्या बाजूचं, आणि माझे वडील आमच्याजवळ राहतात. भाऊ पुण्याला. त्याने पैसे पाठवायला उशीर केला की मी बोलायचे, मी बोलले की तो म्हणायचा, तुझ्या सासऱ्यांच्या पक्षाला सांग पेन्शन वाढवायला. एकदा वहिनीनेच मार्ग काढला. भावाच्या पगाराच्या खात्यातून १ तारखेला ठरलेली रक्कम आपोआप बाबांच्या खात्यात जाते. बाबांचं डेबिट कार्ड औषधवाल्याकडे चालतं. मला मागावं लागत नाही, त्याला द्यावं लागत नाही. आता रविवारी फोनवर तो मनसोक्त भांडतो माझ्याशी. भांडूदे.

तुमच्याकडे हिशेब जेवणानंतर ठेवलाय हीच मेख आहे असं मला वाटतं. जेवताना तोंड मोकळं असतं आणि जेवल्यावर खिसा बंद.

रबाळे_रिटर्न्स

+१. शिवाय मागायचं काम सुनेकडे का? ज्यांची आई त्यांनी बघावं ना.

खाडीकिनारा

लाडक्या बहिणीचे दीड हजार घेणाऱ्यांनी आता महागाईवर बोलू नये, असं आमचे मोठे दीर ग्रुपवर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंना मिळतात हे मी तिथेच लिहिलं. सध्या मी ग्रुपबाहेर आहे.

सडेतोड_साठे

फुकट वाटून वाटूनच राज्य कर्जात

रबाळे_रिटर्न्स

साठे, ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट झाली ऑगस्ट २०२२ मध्ये, तुमचे वडील त्यानेच गणपतीपुळ्याला गेले ना? मागे तुम्हीच फोटो टाकला होता. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मात्र "फुकटे".

सडेतोड_साठे

तो ज्येष्ठांचा सन्मान आहे.

प्रशासक

लाडकी बहीण, एसटी, कर्ज यासाठी राजकारण विभागात धागे आहेत. इथे मूळ प्रश्नावर लिहावे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कोपरीकर_काका

टोलवर मात्र आमच्या घरात एकमत आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला, त्याचं श्रेय घरातल्या चौघांनीही आपापल्या पक्षाला दिलं. पैसे वाचले की सगळेच सत्ताधारी.

असो. सूनबाई, काय झालं?

नौपाड्याची_सून

काका, भेटले. गोखले रोडला साड्यांचं सेल लागलंय या निमित्ताने बोलावलं, साडी काही घेतली नाही. उसाचा रस घेतला आणि जाऊबाई बोलत्या झाल्या.

भाऊजींच्या कंपनीने व्हेरिएबल पगार अर्ध्यावर आणलाय. हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आईंना तर नाहीच. फ्लॅटचा हप्ता, मेंटेनन्स साडेआठ हजार अधिक जीएसटी (बिलवाचक, तुमचा अंदाज बरोबर), मुलाची ज्युनियर केजीची फी. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, बाबांशी भांडून घरी आले की ते शांत झोपतात. भांडण झालं नाही तर रात्रभर कूस बदलत बसतात." काका, तुमच्या मेव्हण्याची आठवण झाली.

मला खरं सांगू का, राग गेला पण पूर्ण नाही गेला. पगार कमी झाला हे भावाला सांगायला काय हरकत होती? आम्ही काय आमदार आहोत, पाठिंबा काढून घ्यायला?

बिलवाचक

ताई, दोन कामाच्या गोष्टी लगेच करायला सांगा.

एक, गृहकर्ज. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. फ्लोटिंग व्याजदर असेल तर बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवतात आणि कर्जाची मुदत कमी करतात. ज्याला आत्ता हातात पैसे हवेत त्याने बँकेत अर्ज देऊन हप्ता कमी करून मागायचा. जुनं कर्ज रेपोशी जोडलेलं नसेल तर ते बदलून घ्यायला थोडं शुल्क पडतं, पण हिशेब करून बघा.

दोन, सासू-सासऱ्यांचा मेडिक्लेम. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी शून्य आहे, आधी १८ टक्के होता. मागच्या आकड्यावर वाटणी करत असाल तर थांबा, नवीन पावती बघून करा. ज्येष्ठांचा हप्ता मोठा असतो, फरकही मोठा पडेल. अर्थात मूळ हप्ता कंपनीने वाढवलेला असू शकतो, तेही त्याच पावतीत कळेल.

सडेतोड_साठे

बघा, जीएसटी कोणी कमी केला ते पण सांगा.

बिलवाचक

जीएसटी परिषदेने. त्यात केंद्र आणि सगळी राज्यं बसतात. म्हणजे तुमचेही आणि त्यांचेही. जेवून घ्या.

नौपाड्याची_सून

अपडेट देते, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

नवऱ्याला पुढे केलं. तो आणि भाऊजी दोघेच तलावपाळीला जाऊन बसले, काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. पण घरी आल्यावर नवऱ्याने लाँगबुक काढलं आणि रकाने पाडले. औषधं आता आम्ही आणि नणंद भरणार. भाऊजी फक्त चिपळूणचं लाइटबिल आणि घरपट्टी भरणार, ते आकडे छोटे आहेत. पगार सुधारला की पुन्हा वाटणी. मेडिक्लेमची पावती काढली, जीएसटी गेलाय पण कंपनीने मूळ हप्ता वाढवलाय, त्यामुळे खाली-वर मिळून थोडाच फरक. सगळे १ तारखेला आईंच्या खात्यात टाकणार (शमा, तुझं ऐकलं). नणंदेने लगेच होकार दिला. तिच्या मिस्टरांनी मोरब्याचा विषय काढलाच.

बाबांना काय सांगायचं यावर बरीच खलबतं झाली. शेवटी आईंनीच सांगितलं असावं. कारण या रविवारी भाऊजी आले तेव्हा बाबांनी टँकरचं नाव काढलं नाही. त्याऐवजी लोकलच्या गर्दीवर घसरले, म्हणजे रेल्वे, म्हणजे केंद्र, म्हणजे नणंदेच्या मिस्टरांवर. भाऊजी चक्क बाबांच्या बाजूने बोलले! मिस्टर एकटे पडले. त्यांनी जास्तीची सोलकढी मागून घेतली.

गणपतीचं अजून ठरलेलं नाही. बाबांना मखरात मशाल हवी आहे, भाऊजी म्हणतात मग धनुष्यबाणही लावू, रामाचा आहे. आईंनी दोघांनाही सांगितलंय की मखर मी करणार, फुलांचं, आणि फुलं जांभळी नाक्यावरून भाऊजींनी पहाटे आणायची. पैसे बाबांनी द्यायचे.

कोपरीकर_काका

फुलं आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर झेंडूचा भाव ऐकून दोन्ही सेना एक होतील.

घणसोली_एक्सप्रेस

बिलवाचक, आमचा मेंटेनन्स ७,२०० आणि पार्किंगचे ६०० वेगळे. मग जीएसटी लागतो का?

बिलवाचक

पार्किंग कुठल्या नावाने बिलात येतं त्यावर आहे. मेंटेनन्सबरोबरच सोसायटी घेत असेल तर बेरीज धरली जाऊ शकते. मालमत्ता कर त्यात धरत नाहीत. बिलाचे रकाने व्यनि करा, बघून सांगतो.

सडेतोड_साठे

मलाही व्यनि करू का? आमचा ८,१०० आहे.

बिलवाचक

करा साठे.